जंत आणि जमीन

गोल जंताचे अंडे कोरड्या उन्हाने मरते, थंडीने मरत नाही, आणि फिनेलला तर ते मुळीच भीक घालीत नाही, हे परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकत असताना मी परीक्षेपुरते पाठ केले होते. परंतु एवढ्याशा मजकुरात किती माणसांचा संसार, किती गुंठे जमीन आणि किती दप्तरी पत्रव्यवहार गुंतलेला असतो, याची जाणीव ओझरच्या दवाखान्यात रुजू होऊन बाणगंगेकाठच्या वस्तीवर जाणे-येणे सुरू झाल्यानंतरच क्रमाक्रमाने होत गेली.

मुंबई-आग्रा महामार्गावरचे हे गाव १९६४ साली येथे विमानांचा कारखाना आला तेव्हापासून बाहेरच्या जगास ‘ओझर मिग’ या जोडनावाने परिचित झाले. पुढे भोवतालच्या निफाड-दिंडोरीच्या शिवारात द्राक्षबागा अशा काही पसरल्या आणि गुंठ्याचे भाव असे काही चढले की, निफाड तालुक्यास मिळालेले ‘महाराष्ट्राचे कॅलिफोर्निया’ हे बिरुद कौतुकाचे समजावे की दरपत्रकाचे, असा प्रश्न एखाद्या भूमिहीनास पडला तर नवल नव्हते. विमान आणि द्राक्ष या दोन कीर्तींच्या मधल्या सांदीत, नदीच्या उतारावर, जेथे ना बाग लागते ना बंगला उठतो अशा पट्टीत, वडार आणि कैकाडी समाजाची काही घरे डुकरे बाळगून होती. दवाखान्याच्या नोंदवहीत गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी यांना आपापले रकाने होते. डुकराची रवानगी ‘इतर’ या सदरात होई, आणि तेथे त्याच्या सोबतीला कुत्रा, गाढव व प्रसंगी एखाद्या साहेबांचा पोपट असे. संकरित गाईंचे मालक सकाळी आठाच्या ठोक्याला दारात हजर होत. डुकरांचे मालक दुपारी, गर्दी ओसरल्यावर येत, आणि तेही फाटकाबाहेरूनच हाक देत. आमचे व्रणोपचारक, जे वृत्तीने अत्यंत सरळ गृहस्थ होते, तेसुद्धा वस्तीवर जाण्याच्या दिवशी घरून वेगळा सदरा घेऊन येत; त्यामागे सोवळेओवळे किती आणि खरजेची भीती किती, याचा निवाडा मी कधी केला नाही.

वस्तीवरून येणारी तक्रार बहुधा ठरावीक शब्दांत येई : “सायेब, पिल्लं ढासत्यात.” निफाडची थंडी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील तापमापकाचा आकडा हिवाळ्यात वर्तमानपत्रांतून ठळकपणे झळकतो, आणि सबब पिलांच्या ढासेचे खापर थंडीवर फोडून खोपटाला पोती बांधणे, शेकोटी पेटविणे, हळद-गुळाचे पाणी पाजणे हे उपाय आमच्याकडे येण्यापूर्वीच होऊन गेलेले असत. थंडीने पिले आजारी पडतच नाहीत असे नव्हे. तथापि ज्या पिलाला ताप नाही, ज्याचे नाक कोरडे आहे, जे खाणे टाकताच इतरांबरोबर धावते आणि धावता धावता मध्येच थांबून, मान खाली घालून, कुशी उडवीत खोकते, त्या पिलाचा विकार पुष्कळदा हवेतून आलेला नसून मातीतून आलेला असतो.

आतड्यात राहणाऱ्या जंताने फुप्फुसात जाऊन खोकला उठवावा, हे मानायला वस्तीतील माणसांना जड जाई यात आश्चर्य नाही, कारण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मोठमोठ्या पंडितांनाही ते ठाऊक नव्हते. जंताचे अंडे गिळले की ते पोटात फुटते आणि तेथेच त्याचा जंत होतो, असा सरळ हिशेब होता. १९१६ साली इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील स्टुअर्ट नावाच्या डॉक्टराने उंदरांना ही अंडी चारून पाहिली, तेव्हा त्या उंदरांच्या यकृतात व फुप्फुसांत जंतांच्या अळ्या सापडल्या; त्यावरून उंदीर हा या जंताचा मधला यजमान असावा, असा त्याने प्रथम तर्क केला, तो पुढे टिकला नाही, परंतु अळी फुप्फुसातून फिरून येते हे त्याचे निरीक्षण मात्र कायम झाले. १९२२ साली जपानातील कोइनो या संशोधकाने माणसातील गोल जंताची दोन हजार अंडी स्वतः गिळली आणि पुढे स्वतःच्याच बेडक्यात अळ्या शोधून काढल्या. विद्यार्थिदशेत हा प्रसंग वाचून आम्ही हसलो होतो. पुढे वस्तीवर, धापा टाकणारे पिलू मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला त्याची गोष्ट सांगताना मात्र कोणी हसले नाही, तिने एवढेच विचारले की, “मंग त्यो माणूस वाचला का?” वाचला, असे सांगितल्यावर तिचा पिलाविषयीचा धीर वाढला, आणि त्या जपानी विद्वानाचा असाही उपयोग झाला.

मार्ग असा आहे. पिलाने मातीत नाक खुपसून, किंवा आईच्या चिखलाने माखलेल्या सडाला तोंड लावून, पिकलेले अंडे गिळले की अळी आतड्याची भिंत भेदून रक्तावाटे यकृतात जाते. तेथून आठवड्याच्या आत फुप्फुसात. तेथे हवेच्या पोकळीत शिरून श्वासनळीने वर घशाशी. आणि खोकल्यासरशी घशाशी आलेली ती अळी पुन्हा गिळली गेली म्हणजे लहान आतड्यात कायमचा मुक्काम ठोकते. तेथे वाढून तिची मादी अंडी घालू लागेपर्यंत सहा ते आठ आठवडे लोटतात. याचा एक व्यावहारिक परिणाम असा की, ज्या काळात पिलू खोकत असते त्या काळात त्याची विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली अगदी स्वच्छ दिसते, आणि जेव्हा विष्ठेत अंडी दिसू लागतात तेव्हा खोकला केव्हाच थांबलेला असतो. ज्याला कागदावरील पुराव्याखेरीज काही मान्य करायचे नाही अशा वरिष्ठाला हे समजावणे हे पिलावर उपचार करण्यापेक्षा कठीण काम आहे. ‘नमुना निरंक, सबब औषधाची मागणी असंयुक्तिक’, असा शेरा एका मागणीपत्रावर मला मिळाला होता. त्यातील ‘सबब’ या शब्दाची डौलदार तर्कशुद्धता मला अद्याप स्मरते.

विष्ठातपासणीचे काम मला मनापासून आवडे, आणि या आवडीची थट्टा घरी-दारी पुष्कळ झाली. त्यास लागते काय, तर स्वयंपाकघरातले मीठ. पाण्यात मीठ ढवळत जावे, तळाला ते विरघळेनासे होऊन बसू लागले की द्राव तयार झाला; त्यात सुपारीएवढी विष्ठा कालवून चहाच्या गाळणीने गाळावी, लहान कुपी काठोकाठ भरून तिच्या तोंडावर काचेची पातळ चकती टेकवून ठेवावी, आणि पंधरा-वीस मिनिटांनी ती चकती अलगद उचलून काचपट्टीवर पालथी घालावी. जड द्रावात हलकी अंडी वर तरंगून येतात व चकतीला चिकटतात. गोल जंताचे अंडे पित्ताने रंगलेले, सोनेरी-तपकिरी असते व त्याच्या कडेला उंचवट्यांची जाड झालर असते. ही झालर चिकट असते, म्हणूनच ते सडाला, खुराला, माणसाच्या चपलेला आणि घमेल्याच्या बुडाला चिकटून गावभर हिंडते. चाबूकजंताचे अंडे निराळे, दोन्ही टोकांना काचेच्या बुचांसारख्या पारदर्शक गाठी असलेले. ते दिसले की मी वस्तीवरच्या माणसाला, रक्तमिश्रित हगवण आहे का, एवढेच विचारी; आणि बहुधा ‘हाय की’ असे उत्तर येई.

एका पावसाळ्याच्या शेवटी दूध तुटून दोनएक महिने झालेली पिले एकामागून एक खंगू लागली, तेव्हा त्यांतील एक मेलेले पिलू मी वस्तीवरच, सगळ्यांच्या देखत उघडले. शवविच्छेदन लोकांसमोर करू नये असा एक संकेत आहे. तो मी तेथे पाळला नाही, कारण तोंडाने सांगून जे पटत नव्हते ते डोळ्यांनी पटावे अशी इच्छा होती. पिलाचे पोट सुटलेले, पाठीचा कणा वर आलेला, केस राठ, आणि कानाच्या आतली त्वचा व डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर. लहान आतडे बाहेर काढताच ते हाताला भरीव लागले. कात्रीचे टोक घालून दोन वितीभर चिरले, तेव्हा आतून पांढुरके, किंचित गुलाबी झाक असलेले, वीतभराहून लांब जंत एकमेकांत पीळ घालून बसलेले निघाले, इतके की अन्नाला वाट म्हणून राहिलीच नव्हती. मग यकृताकडे वळलो. पित्तनलिका बोटाने दाबली तो तीतही एक जंत अर्धा शिरून अडकलेला सापडला. पिवळेपणाचे कारण ते होते. यकृताच्या पृष्ठभागावर पांढरट, कडा विस्कटलेले डाग होते. अळ्यांनी यकृतातून जाताना केलेल्या जखमा भरून येतात त्यांचे हे वण. नवा संसर्ग झाला नाही तर महिनाभरात ते पुसट होऊन जातात. वस्तीतील जो तरुण आठवड्याच्या बाजारी मांस विकी, तो ते डाग पाहून चटकन पुढे झाला आणि म्हणाला, “सायेब, असली कलेजी गिऱ्हाईक घेतच नाही, फेकून द्यावी लागती. मला वाटायचं जातच तशी असंल.” तोपर्यंत जंत म्हणजे पिलांचे किरकोळ दुखणे, मोठ्या जनावराला त्याचे काही नाही, अशी सर्वांची समजूत होती. फेकून दिलेल्या कलेजीचा हिशेब मात्र त्याने तेथल्या तेथे बोटांवर केला, आणि माझ्या व्याख्यानाहून तो अधिक परिणामकारक ठरला.

अगदी कोवळ्या पिलांची गोष्ट आणखी वेगळी आहे. डुकरीण तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवसांनी विते, हा हिशेब वस्तीतील प्रत्येक पोराला तोंडपाठ होता. परंतु व्यालेल्या आईच्या दुधातूनच सूत-जंताच्या अळ्या पिलाच्या पोटात जातात आणि आठवडा पुरा होण्याच्या आत त्या पिलाच्या विष्ठेत अंडी दिसू लागतात, हे सांगितले की आईच्या दुधाविषयी असे बोलावे याचाच बायकांना राग येई. त्यावर उपाय पिलाला औषध पाजणे हा नसून विण्यापूर्वी आठ-पंधरा दिवस आईला जंतनाशक देणे हा आहे. आठ-दहा दिवसांच्या पिलांना होणारी पिवळी, लेपासारखी हगवण ही तर जंतांची नव्हेच. ती एका एकपेशी परजीवीची करामत असते, तिच्यावर जंतांचे कोणतेही औषध चालत नाही, आणि तिचे बीज उबदार, ओल्या जमिनीवर एका दिवसात तयार होते. तरीही दुकानदार त्या हगवणीसाठी जंतांचीच बाटली हातात देई, कारण त्याच्याकडे तीच असे.

औषधांचा विषय निघाला म्हणून सांगतो. माझ्या नोकरीच्या आरंभकाळी पिपरॅझिन हे औषध स्वस्त व मुबलक होते. ते जंताला मारीत नाही, त्याची हालचाल बंद पाडते. मग आतड्याच्या ओघाबरोबर जंत जिवंतच बाहेर पडतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खोपटात त्यांचा खच दिसतो. हा खच वस्तीला फार प्रिय होता. पुढे फेनबेंडॅझोल आले, जे चाबूकजंतालाही पुरून उरते, पण ते दोन-तीन दिवसांत सावकाश काम करते व जंत बरेचसे विरून जातात. त्यामुळे ‘ह्या दवाईत दम नाही’ असा त्यावर पहिला निकाल झाला. जे दिसत नाही ते झालेच नाही, हा न्याय केवळ कचेरीतच चालतो असे नाही. आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन आले तेव्हा मात्र त्याचे स्वागत झाले, आणि तेही जंतांसाठी नव्हे, तर त्याने खरूज जाते म्हणून. जपानातील एका गोल्फ मैदानाजवळच्या मातीतील सूक्ष्मजंतूपासून हे औषध निघाले, १९८१ साली ते जनावरांसाठी बाजारात आले, आणि त्याच्या शोधाबद्दल ओमुरा व कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तरी चाबूकजंतावर त्याची मात्रा भरवशाने चालत नाही, हे मी प्रत्येकास बजावीत असे. औषध खाण्यातून दिले तर आणखी एक अडचण उभी राहते : डोणीवर दांडगी पिले तुटून पडतात व दुप्पट मात्रा खातात, आणि ज्याच्यासाठी औषध आणले ते मरतुकडे पिलू कडेला उभे राहते. सबब दुबळ्यांची पंगत आधी व वेगळी, असा नियम आम्ही घालून दिला. तो पाळण्यात बायका पुरुषांहून कडक होत्या.

परंतु औषध जनावराच्या पोटात जाते आणि रोग जमिनीत राहतो, ही या सगळ्या प्रकरणातील मुख्य गोष्ट आहे, व तिच्यापाशी मी वर्षानुवर्षे अडखळलो. एक मादी जंत दिवसाला लाख-दोन लाख अंडी टाकते. ती अंडी उबदार ओलीत तीन ते सहा आठवड्यांत पिकतात; थंडी पडली, पारा पंधरा अंशांच्या खाली गेला, की पिकणे थांबते, पण अंडे मरत नाही, ते निफाडचा हिवाळा झोपून काढते व ऊब येताच पुढचे काम उरकते; आणि सावलीच्या, ओलसर मातीत ते कित्येक वर्षे तग धरते. तपासणीस येणाऱ्या साहेबांच्या नाकाला फिनेलचा वास आला की ‘स्वच्छता समाधानकारक’ असा शेरा मिळतो. अंड्याच्या कवचाला त्या वासाचे काहीच वाटत नाही. पिले निरोगी करून त्याच मातीत परत सोडणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या मॅक्लीन परगण्यात पहिल्या महायुद्धानंतरच्या वर्षांत रॅन्सम व त्याच्या सहकाऱ्यांनी यावर एक पद्धत बसविली, तिचे नाव पाठ्यपुस्तकांत आदराने घेतले जाते. पिलांच्या सूत-जंताला पुढे ज्याचे नाव दिले गेले तोच हा रॅन्सम. त्याची पद्धत अशी : विण्यापूर्वी डुकरिणीला साबण-पाण्याने स्वच्छ धुवावे, विण्याची खोली उकळत्या पाण्याने व कॉस्टिक सोड्याने घासावी, पिले दहा दिवसांची झाली की आईसह त्यांना गाडीत घालून, चालवीत नव्हे, अशा कुरणात न्यावे की ज्यात मागील पिकानंतर डुकराचे पाऊल पडलेले नाही, आणि चार महिन्यांची होईपर्यंत तेथेच ठेवावे. त्या काळी जंतांवर खात्रीचे औषध नव्हते, तरी केवळ एवढ्याने पिले वाढू लागली. मी ही पद्धत मोठ्या उत्साहाने वस्तीवर सांगितली. साबणापर्यंत सर्वांनी माना डोलावल्या. कुरण हा शब्द आला तेव्हा एक वृद्ध वडार हसले. त्यांना सगळे ‘बाबा’ म्हणत. ते म्हणाले, “सायेब, आमी फिरस्ते व्हतो तवा आज हितं, पंधरवड्यानं तिथं. डुकरं घाण करून म्होरं, आमी बी म्होरं. तवा जंत कुटं व्हते? आता सरकारनं सांगितलं एका जाग्याला बसा. बसलो.”

या बोलण्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. अंडे पिकायला तीन आठवड्यांहून अधिक काळ लागतो आणि पाल पंधरवड्याला हलते, म्हणजे अंडी पिकेपर्यंत डुकरे त्या जागी नसतातच. मॅक्लीन परगण्यात जे पगारी शास्त्रज्ञांनी प्रयोगाने सिद्ध केले ते या माणसांच्या भटकंतीत आपोआप घडत होते. बाबांच्या स्मृतीने जुन्या काळाला थोडा सोनेरी मुलामा दिला असेल. फिरत्या कळपांतही जंत असणारच, आणि डुकरे मोजून पाहायला तेव्हा कोणी गेले नव्हते. शिवाय त्या भटकंतीचे गोडवे गाण्याचा अधिकार मला नाही. १९५२ साली गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द होईपर्यंत, आणि प्रत्यक्षात त्यानंतरही, फिरणाऱ्या माणसाला प्रत्येक गावच्या चावडीवर काय सोसावे लागे, हे बाबांनीच दुसऱ्या एका संध्याकाळी सांगितले होते. माणसे स्थिरावली हे चांगले झाले, पोरे शाळेत गेली. मात्र त्यांना ज्या पट्टीवर स्थिरावू दिले ती एवढी अरुंद होती की तेथे विणे, खाणे, हगणे आणि मरणे सगळे त्याच चिखलात. आणि जंतांच्या बाबतीत मी लिहून दिलेली प्रत्येक चिठ्ठी ही वस्तुतः जमिनीच्या अर्जाची अपुरी नक्कल होती, असे आज मला वाटते.

जे करता आले ते असे. उकळत्या पाण्याला जळण हवे, आणि जळण विकत घेऊन कोणी डुकराची जागा धुणार नाही. पण ओझरच्या परिसरात एप्रिलच्या खरड छाटणीला व ऑक्टोबरच्या फळछाटणीला द्राक्षाच्या काड्यांचे ढीग बांधावर पडतात आणि बागाईतदार ते नेणाऱ्याचे उपकारच मानतो. या काड्या भडकन पेटतात. अर्धा कापलेला डांबराचा पिंप, तीन दगड आणि काड्यांची मोळी यांवर पाणी उकळू लागले. त्याच पिंपात महामार्गावरील ढाब्यांचे उष्टेही उकळून घेण्याची सवय लागली, ज्याचा उपयोग जंतांहून भयंकर अशा साथीच्या रोगांविरुद्ध होतो. डुकरिणीला विण्याआधी न्हाऊ घालण्याची कल्पना पोरांना इतकी आवडली की सोहळाच होऊ लागला. विण्याच्या जागेपुरती फरशी झाली. पण फरशीने नवीनच प्रश्न उभा केला : पिलाला रोज सात ते दहा मिलिग्रॅम लोह लागते, आईच्या दुधातून जेमतेम एक मिलिग्रॅम मिळते, आणि उरलेले ते माती चाटून मिळवते. जी माती जंत देते तीच लोह देते; फरशीवरची पिले तिसऱ्या आठवड्यात पांढरीफटक पडू लागली, तेव्हा जन्मानंतर तिसऱ्या दिवशी लोहाचे इंजेक्शन टोचण्याची तजवीज करावी लागली.

काही गोष्टी मात्र आमच्या हाताबाहेरच्या होत्या. उसाच्या तोडलेल्या वावरात डुकरे हुमणी उकरून खातात, आणि शेतकरी एरवी डुकरावर दगड घेऊन धावत असला तरी त्या चार दिवसांत काणाडोळा करतो. पण हुमणीसारख्या भुंग्यांच्या अळ्यांतूनच काटेरी डोक्याचा जंत डुकराच्या पोटात येतो. असा एक जंत मी पाहिला. सुरकुतलेला, करंगळीसारखा जाड, आणि आतड्याच्या भिंतीत डोके असे रुतवून बसलेला की ओढला तर भिंतच फाटावी. पुढे दहा फेब्रुवारीला शाळा-अंगणवाड्यांतून मुलांना अल्बेंडॅझोलची गोळी देण्याची मोहीम देशभर सुरू झाली, तेव्हा वस्तीतील एका आईने अंगणवाडीच्या ताईंना स्पष्ट विचारले की, ही डुकरांचीच गोळी ना? ताईंनी मला बोलावणे धाडले. औषध तेच, मात्रा वेगळी, असे मी सांगितले. डुकराचा गोल जंत मुलांच्या पोटातही जाऊ शकतो, आणि उघड्यावर बसलेल्या माणसाच्या पोटातील पट्टकृमी डुकराच्या मांसात दाणे धरतो, तेव्हा दोघांनी एकाच मोसमात औषध घेणे शहाणपणाचे, असेही सांगितले. आईने गोळी मुलाच्या तोंडात घातली आणि मला विचारले, “मंग डुकरांची तारीख कंची?”

अलीकडे कर्ज काढून, प्रशिक्षण घेऊन, पांढऱ्या यॉर्कशायर डुकरांच्या पक्क्या शेड उभारणारे तरुण भेटतात. देशातील डुकरांची संख्या २०१९ च्या पशुगणनेत ९० लाखांवर आली, आधीच्या गणनेपेक्षा सुमारे बारा टक्क्यांनी कमी, तरी या तरुणांचा उत्साह कमी झालेला नाही. ते दूरध्वनीवरून विचारतात की जंतांवर सर्वांत जालीम औषध कोणते. मी त्यांना प्रथम शेडचा उतार किती व विष्ठा कोठे टाकता, हे विचारतो, आणि पुष्कळदा संभाषण तेथेच संपते.

विष्ठेवरून आठवले. द्राक्षबागेला डुकराचे खत मानवते अशी बागाईतदारांची धारणा आहे, आणि वस्तीतील लोक ते ओलेच ट्रॉलीत भरून विकत. ओल्या खताबरोबर अंडीही शिवारभर जात. ढीग नीट रचून, वरखाली करून कुजविला तर आतील उष्णता पंचावन्न अंशांच्या वर जाते व अंडी मरतात. ढिगात लोखंडी सळई खुपसून ठेवावी आणि काढल्यावर ती हातात धरवेनाशी झाली म्हणजे काम होत आहे असे समजावे. पण ढिगाला जागा लागते, आणि जागा नव्हती. तेव्हा जवळच्याच एका बागाईतदाराने, त्याला कुजलेले खत हवे होते म्हणून, मक्याचे धसकट निघालेला बांधाकडेचा दोन गुंठ्यांचा तुकडा दिला : एका बाजूला खताचा ढीग, दुसऱ्या बाजूला कुंपण घालून दूध तुटलेली पिले, पुढच्या वर्षी तेथे पुन्हा मका आणि पिलांना शेजारचा तुकडा, भाडे म्हणून तीन ट्रॉल्यांमागे एक ट्रॉली खत. करार तोंडीच ठरला. फक्त डुकरे द्राक्षाच्या ओळीत शिरली तर भरपाई कोणी द्यायची, हे कलम लेखी हवे असा बागाईतदाराचा हट्ट होता. ते मी दवाखान्याच्या कोऱ्या केसपेपरवर लिहून दिले. ज्या मावशींची सर्वांत जास्त डुकरे होती त्यांनी ते नातवाकडून दोनदा वाचून घेतले, ‘शिरली तर’ याच्यापुढे ‘कुंपण बागवाल्यानं मोडलं नसंल तर’ एवढे घालायला लावले, आणि मगच सही केली.